आर्द्रा लागल्यावर: सत्तरीतले आठ दिवस

ही नोंद 2023च्या जूनमधली. तेव्हा रोज रात्री वहीत चार ओळी लिहून ठेवल्या होत्या, त्या आता नीट उतरवून काढते आहे.

माझं माहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, केरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे अळंब्यांचा विषय येणार आहे आणि रानातल्या अळंब्यांच्या जागा आजवर गावाने जपल्या त्या कुणाला न सांगूनच.

त्या वर्षी 5 मार्चला साट्रेच्या बाजूने म्हादई अभयारण्यात आग दिसली आणि मग एकामागून एक डोंगर पेटत गेले. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या मोठ्या बादल्या लटकवून फेऱ्या मारत होती, ते सगळ्या गोव्याने पाहिलं. आमच्या गावामागची उतरणही त्यात गेली. आत्या फोनवर म्हणाली होती, "रात्री डोंगराला कुणी लाल माळ घातल्यासारखं दिसतं गो, बघवत नाही." मी फोंड्याला, घरात आजारपण, जाता आलं नाही.

त्यानंतर वळीव आलाच नाही. एप्रिल कोरडा, मे कोरडा. एरवी 5 जूनच्या आसपास गोव्यात मॉन्सून पोचतो. त्या साली तो केरळातच 8 जूनला आला. 11 तारखेला गोव्यात दाखल झाल्याचं जाहीर झालं खरं, पण बिपरजॉय वादळाने वाऱ्याचा सगळा जोर अरबी समुद्रातून गुजरातकडे ओढून नेला होता. दोन सरी आल्या नि पुन्हा ऊन. मृग असाच गेला. आर्द्रा लागताना मी पिशवी भरली.

गुरुवार, 22 जून

फोंड्याहून साखळी, साखळीहून पर्येमार्गे केरीची बस. 22 जूनला सत्तरीचा रस्ता असा मी आयुष्यात पाहिला नव्हता. कडेच्या दरडी एरवी या दिवसांत शेवाळाने आणि नेच्यांनी हिरव्या मऊ झालेल्या असतात, त्या आता नुसत्या लाल, भेगाळलेल्या. कुळागरांत पोफळीच्या झावळ्या खाली लोंबत होत्या. अंजुणे धरणाचं पाणी इतकं आत सरकलं होतं की काठाची माती पायऱ्यापायऱ्यांनी उघडी पडलेली. दर आठवड्याला पाणी किती उतरलं, ते त्या पायऱ्यांवर वाचता येत होतं.

घरी पोचले तर दादा (माझा आत्येभाऊ) खळ्यात उकिडवा बसून तरव्याकडे बघत होता. 11 तारखेला पाऊस आला म्हणून त्याने ज्योती भाताचं बी टाकलं. रोपं बोटभर आली, मग पाणी तुटलं आणि शेंडे पिवळे पडले. "आणखी चार दिवस," एवढंच म्हणाला. पुन्हा बी आणायला साखळीला जावं लागेल का, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी विहिरीवर गेले. आमची विहीर चिऱ्यांची, जुनी. कठड्याच्या सावलीतल्या बाजूला शेवाळ असतं, ते काळपट तपकिरी होऊन जुन्या गोणपाटासारखं चिकटून होतं. हाताने घासलं तर भुगा. माझ्या बाटलीत थोडं पाणी उरलं होतं, ते मी त्यावर ओतलं आणि तिथेच बसून राहिले.

पहिल्यांदा काहीच झालं नाही, पाणी ओघळून गेलं. मग एक कोपरा गडद झाला. शेवाळाला मुळं नसतात, पाणी पानांतूनच शिरतं, म्हणून त्याला वाट बघावी लागत नाही. आवळून बसलेली बारीक पानं एकेक करून बाहेर वळू लागली, जशी झोपेतून उठताना मुलाची मूठ सुटते. पाच-सात मिनिटांत हाताच्या पंजाएवढा डाग हिरवा झाला, आणि आजूबाजूचा सगळा कठडा तसाच तपकिरी. आत्या घागर घेऊन आली, तिने पाहिलं आणि म्हणाली, "असं अर्धवट उठवू नये त्यांना. परत सुकणार ते." तिचं म्हणणं बरोबर होतं. एका बाटलीच्या भरवशावर जागं झालेलं शेवाळ साठवलेलं बळ खर्च करून पुन्हा मिटतं. मला वाईट वाटलं. नंतर कळलं की दादाच्या तरव्याचंही नेमकं हेच झालं होतं.

विहिरीत वीत-दीड वीत पाणी. दोर सोडताना मोजला: रहाटापासून तळापर्यंत जवळजवळ सगळा दोर गेला.

शुक्रवार, 23 जून

सकाळी दादा मला जळलेल्या उतरणीवर घेऊन गेला. मी मनाची तयारी करून गेले होते, पण तयारी चुकीची होती. मला वाटलं होतं सगळं काळंठिक्कर असेल. तसं नव्हतं.

खालच्या बाजूला किंदळ, नाणा, कुंभा अशी पानझडीची झाडं. त्यांच्या साली भाजल्या होत्या, पण खोडाच्या बुंध्यातून आणि कुठे कुठे फांद्यांच्या कुशीतून लालसर कोवळी पालवी फुटलेली. पावसाआधीच. कुंभ्याची साल जाड, पिढ्यान्‌पिढ्या वणवे पाहिलेली. दादाने एका कुंभ्याची वरची काळी साल नखाने काढून दाखवली, आत ओलसर गुलाबी. "हा मरत नाही," तो म्हणाला, "ह्याला ठाऊक आहे."

वर, ओहळाच्या घळीत, चित्र वेगळं. तिथली झाडं सदाहरित, पातळ सालीची. त्यांच्या पानांचा खाली कायम ओला थर असायचा, लहानपणी त्यावरून चालताना पाय रुतायचे. आग या थरातून चालत गेली होती, मोठ्या ज्वाळा नव्हत्या म्हणे, नुसती धुमसत. झाडं उभी होती. पानं तांबूस होऊन गळलेली, बुंध्यात पालवी नाही. पायाखाली पाचोळ्याऐवजी राखेची नि मातीची मिळून एक पापडी झालेली. मी बाटलीतलं पाणी तिच्यावरही ओतून पाहिलं. ते आत गेलंच नाही, थेंब गोळे होऊन उताराने घरंगळले. राखेने मातीची बारीक भोकं बुजतात, हे वाचलं होतं. पाणी आपल्या डोळ्यांसमोर जमिनीला नाकारलं जाताना पाहणं वेगळं.

आणि या दोन्हींच्या मध्ये, रिकाम्या झालेल्या सगळ्या जागी, रानमोडी. काही नसताना ती होती. पाऊस नाही, ओल नाही, तरी गुडघाभर, ताजी. बाहेरून आलेलं हे झुडूप मोकळी जमीन दिसली की पहिलं येतं आणि मग दुसऱ्याला उन्हाची तिरीप मिळू देत नाही. लांबून पाहणाऱ्याला ते हिरवंच दिसेल. मला त्या क्षणी फार भीती वाटली. ह्या डोंगराचा फोटो कुणी महिन्याभराने काढला तर तो हिरवागार येईल आणि लोक म्हणतील, बघा, रान परत आलं.

परत येताना दादाने एक वारूळ दाखवलं, आमच्याकडे त्याला रोयण म्हणतात. बाहेरून भाजून विटेसारखं कडक. त्याने कान लावला, मलाही लावायला सांगितला. मला काही ऐकू आलं नाही. त्याला आलं असावं, कारण तो हसला.

शनिवार, 24 जून

आज सांजांव, ख्रिश्चनांचा पावसाळी सण. तिकडे बार्देसात, साष्टीत पोरं डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून विहिरींत उड्या मारणार. फोंड्याच्या शेजारणीचा सकाळी फोन आला, त्यांच्या वाड्यावरच्या विहिरीत कमरेएवढंही पाणी नाही, या वर्षी उडी नको म्हणून मोठ्यांनी पोरांना सांगितलंय.

दुपारी दोनच्या सुमारास वारा पडला. इतका पडला की केळीचं पान हलेना. वाघेरीच्या माथ्यावर जांभळा काळोख उभा राहिला आणि पावशाने ओरडणं थांबवलं. मग रानातून एक आवाज पुढे पुढे येऊ लागला, खडीची गाडी रिकामी करावी तसा. आम्ही सगळे खळ्यात उभे. आत्याने सुकत घातलेलं काही उचललं नाही. ती हात खाली सोडून नुसती उभी होती.

पाऊस आला तो तिरका नव्हता, सरळ होता.

पहिला पाऊण तास पाणी जमिनीत जिरत होतं की वरून वाहत होतं, सांगता येत नव्हतं. मग मी छत्री घेऊन ओहळाकडे गेले. ओहळ दोन रंगांचा होता. एका बाजूने, कुळागराकडून येणारं पाणी गढूळ तांबडं. दुसऱ्या बाजूने, जळलेल्या उतरणीवरून येणारं पाणी काळं, दाट, वर फेस आणि कोळशाचे तुकडे. दोन्ही धारा बरंच अंतर एकमेकींत न मिसळता शेजारी शेजारी वाहत गेल्या. काल पायाखाली पापडी झालेली माती होती ती हीच. वर्षानुवर्षं पाचोळा कुजून झालेली वीतभर काळी माती एका दुपारी साखळीच्या दिशेने चालली होती आणि तिच्या आड घालायला माझ्याकडे काही नव्हतं. दादा आणि शेजारचे दोघे भिजत भिजत वर गेले, जळके ओंडके उताराला आडवे टाकून आले. दहा-बारा ठिकाणी. जमेल तेवढं.

संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा रोयणीतून पंख फुटलेल्या वाळव्या बाहेर पडत होत्या. धूर निघावा तशा. काल विटेसारखं दिसलेलं वारूळ एका बाजूने उकललं होतं आणि त्या फटीतून हजारोंनी वर. कोतवाल, बुलबुल, वेडे राघू सगळे तुटून पडले. जमिनीवर बेडूक, पाली, मुंग्या. घरातला दिवा मालवून आम्ही अंधारात बसलो, नाहीतर सगळ्या ताटात आल्या असत्या. त्यातल्या बहुतेक खाल्ल्या जातात, एखादी जोडी पंख टाकून मातीत शिरते आणि तेवढ्यावर नवं वारूळ उभं राहतं.

रात्री बेडूक. लिहून सांगता येणार नाही असे. आत्याने दोनदा आवाज चढवून विचारलं तेव्हा मला कळलं की ती जेवायला हाक मारतेय. शेतात मोठे पिवळे बेडूक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून. हे आठ महिने जमिनीखाली होते. आमच्या गोव्यात पहिल्या पावसात टॉर्च नि पोतं घेऊन ते पकडायला लोक निघतात. कायद्याने बंदी आहे, तरी निघतात. त्या रात्री दोन टॉर्च पलीकडच्या बांधावर दिसले. दादा गेला, काय बोलला माहीत नाही, टॉर्च परत फिरले. वर्षातून हेच चार दिवस बेडकांना जोडीदार शोधायला मिळतात. त्यांनाच उचलून नेलं तर पुढच्या वर्षी शेतातले किडे खायला कोण येणार?

रविवार, 25 जून

टीव्हीवर बातमी होती की मॉन्सून मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला. आमच्याकडे रात्रभर लागून होता.

सकाळी चुलत पुतण्याच्या गाडीतून चोर्ला घाटाने सुर्ल्याला गेलो. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. सुर्ल्याचा सडा म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं. उन्हाळ्यात तिथे काही जगत असेल असं कुणी म्हणणार नाही. दगड इतका तापतो की चपलेतून चटका बसतो.

आठवड्यापूर्वी पुतण्या इथे येऊन गेला होता, तेव्हाचा त्याच्या मोबाईलमधला फोटो आणि समोरचा दगड आम्ही ताडून पाहिला. फोटोत दगडाच्या खळग्यांत राखाडी, केसांसारखे गवताचे पुंजके, मेलेले. समोर तेच पुंजके, त्याच जागी, हिरवे. हे नवीन उगवलेलं गवत नव्हतं. त्याच जुन्या पात्यांत पाणी भरलं होतं. अशा वनस्पती स्वतःला जवळजवळ पूर्ण सुकू देतात आणि पाणी मिळालं की तासा-दिवसात पुन्हा चालू होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी 2024 साली पश्चिम घाटातल्या अशा 62 जातींची नोंद केली. त्याआधी इथल्या अशा नऊच जाती ठाऊक होत्या. म्हणजे ज्या दगडाला आपण पडीक म्हणतो, खाणीला किंवा रिसॉर्टला द्यायला हरकत नाही म्हणतो, तिथे एवढ्या जाती सुकून बसलेल्या असतात.

खळग्यांत पाणी साचलं होतं आणि त्यात बेडकाची अंडी, साबुदाण्याच्या खिरीसारखी. कडेला गवताच्या मुळाशी एक लहान तपकिरी बेडूक बसला होता. सुर्ल्याच्या सड्यांवरून 2018 साली बेडकाची एक नवी जात शास्त्राच्या दप्तरी लागली, तिचं नाव 'गोयंची' ठेवलंय. माझ्यासमोरचा तोच होता की त्याचा कुणी भाऊबंद, हे मला ओळखता येणार नाही. पण तो ज्या डबक्याच्या भरवशावर होता ते दोन पावलं लांब, चार बोटं खोल होतं. पावसाने आठ दिवस पुन्हा दडी मारली तर ती अंडी तिथेच वाळणार. शेवाळ मिटून घेऊ शकतं, अंड्यांना तसं करता येत नाही. म्हणून दुष्काळापेक्षा मला अर्धवट पावसाची धास्ती जास्त वाटते.

मातीच्या पट्ट्यांत काळी मुसळी फुलली होती, जमिनीला टेकलेली पिवळी चांदणी. चवराचे कोंब वर आले होते. उरलेल्या फुलांचा सोहळा श्रावण-भाद्रपदात, त्याला अजून वेळ होता.

उतरताना घाटातले धबधबे अजून धबधबे झाले नव्हते. खडकावरून नुसती ओल सरकत होती. जांभा दगड आधी पितो, मग सोडतो.

सोमवार, 26 जून

दिवसभर पाऊस. वीज गेली. तायखिळ्याची कोवळी पानं खळ्याच्या कडेला दोन-दोन बोटं वर आली होती. आत्याने ती खुडून फणसाच्या बिकणांबरोबर भाजी केली. शुक्रवारी त्या जागी माती होती, सोमवारी तिथली भाजी पानात. आणखी काही केलं नाही.

मंगळवार, 27 जून

वाळपईमार्गे ब्रह्माकरमळीच्या बांबरला, निरंकाराच्या राईत. ही देवराई मी दुसऱ्यांदा पाहिली, पण त्या वर्षी तिथे जाणं मला गरजेचं वाटत होतं. शुक्रवारची घळ डोळ्यांपुढून हलत नव्हती.

चपला बाहेर काढल्या. निरंकार म्हणजे ज्याला आकार नाही असा देव, तेव्हा मूर्ती बघायला मान वर करायची नाही. खाली बघायचं. रानजायफळाच्या कुळातली ती झाडं पाणथळात उभी आहेत. त्यांची मुळं चिखलातून वर येतात, वाकतात आणि पुन्हा खाली जातात, माणसाचा गुडघा वाकवल्यासारखी. चिखलात श्वास कोंडतो म्हणून मुळं अशी वर येऊन हवा घेतात. काही मुळं खोडापासून तिरकी निघून तंबूच्या दोऱ्यांसारखी जमिनीत उतरलेली.

मला पाहायचं होतं ते एकच: हे कोरडं पडलं होतं का? तिथे भेटलेल्या आजोबांना विचारलं. "पाणी उतरलं होतं," ते म्हणाले, "पण चिखल सुकला नाही बाय. इथला चिखल मी सुकलेला पाहिला नाही." मे महिन्यात गावातल्या विहिरी तळाला गेल्या तेव्हाही राईतून निघणारा झरा करंगळीएवढा चालू होता. इथे कोयता चालत नाही, पाचोळा कुणी झाडून नेत नाही, आग तर लांबच. तो पाचोळा, ती मुळं, तो चिखल मिळून एक मोठा ओला बोळा होतो आणि पाऊस गेल्यावर वर्षभर थोडं थोडं पाणी सोडत राहतो.

सत्तरीत वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो. एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात टँकर का लागावा, ह्याचं उत्तर मला त्या चिखलात उभं राहिल्यावर मिळालं. पडतो तेवढा धरून ठेवायला असं काही उरलं पाहिजे. गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र ही तिन्ही राज्यं म्हादईच्या पाण्याच्या वाटण्या कोर्टात मांडत बसली आहेत. टीएमसीत मोजलेलं ते पाणी सुरू होतं ते अशाच चिखलातून.

आजोबांनी आम्हाला निघताना दोन पिकलेल्या बिंबलांसह शहाळं दिलं. पैसे घेतले नाहीत.

बुधवार, 28 जून

तरवा जगला. सगळा नाही. खोलगट भागातला हिरवा झाला, वरच्या अंगाचा गेला. दादाने मोजून बघितलं, लावणीला तीन कुणगे (शेताचे तुकडे) पुरतील, चौथ्याला शेजाऱ्याकडून घ्यावा लागेल. तेवढ्यावरही तो खूश होता. दुपारी चिखलणीच्या आधी बांध नीट करताना त्याच्या कुदळीखाली मातीच्या ढेकळात काहीतरी वळवळलं. मला गांडूळ वाटलं, पण ते चकचकीत, जांभळट आणि भलतंच चपळ होतं. देवगांडूळ. हा बिनपायाचा उभयचर, बेडकाचा लांबचा नातलग, सगळा जन्म मातीत काढतो. याच केरीच्या परिसरातून 2007 साली त्यातल्या एका नव्या जातीची नोंद झाली आणि तिला गोव्याचंच नाव मिळालं. दादाने ते ओंजळीत घेतलं, बांधाच्या पलीकडे पोफळीच्या मुळाशी ओल्या पाचोळ्यात सोडलं आणि पुन्हा कुदळ उचलली. त्याला नाव माहीत नव्हतं. त्याच्या आजाने सांगितलेलं, हे दिसलं तर मारायचं नाही, जमीन जिवंत असल्याची ती खूण.

मी त्याला विचारलं, जळलेल्या घळीत हे असतील का? तो बराच वेळ काही बोलला नाही. "ओल असेल तिथवर खाली गेले असतील," म्हणाला.

संध्याकाळी ओहळाला पहिल्यांदा खळाळ आला आणि चढणीचे मासे दिसले. पोटात अंडी घेऊन नदीकडून शेतांकडे, उलट्या पाण्यातून उड्या मारत. पोरं टोपल्या घेऊन धावली. मीही लहानपणी धावायची. आता त्यांना म्हटलं, अर्धे जाऊ द्या रे. त्यांनी ऐकलं की माझ्यासमोर ऐकल्यासारखं केलं, देव जाणे. आत्याने त्यातलेच चार तळले आणि मी खाल्ले, हेही लिहिलं पाहिजे.

विहिरीत दोर टाकला. गुरुवारपेक्षा अडीच हात कमी गेला. कठड्यावरचं शेवाळ आता सगळीकडे हिरवं, माझ्या बाटलीचा डाग कुठला ते ओळखू येत नव्हतं.

गुरुवार, 29 जून

आषाढी एकादशी. परतीच्या वाटेवर साखळीला विठ्ठलापूरला उतरले. भजनी मंडळं पावसातून येत होती, टाळ फडक्यांत गुंडाळलेले, मृदंगांवर प्लास्टिक. राणे घराण्याच्या या देवळात पंढरपूरला न गेलेली निम्मी सत्तरी-डिचोली भेटते. "शेतं लागली का?" हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी. गर्दीतून पुढे सरकत होते तेव्हा मागच्या बाईने शेजारणीला सांगितलेलं ऐकलं, "आमच्या झरीला काल पाणी फुटलं." तिने ते असं सांगितलं जसं घरात बाळ झाल्याचं सांगतात.

वाळवंटी नदी तांबडी फुगली होती. पुलावर थांबून मी त्या पाण्यात काळा पट्टा शोधला. नव्हता. इथवर येईपर्यंत सगळं एक झालं होतं.

चवथ, 19 सप्टेंबर

हे सहलीत बसत नाही, पण याच्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

जुलैत खूप पडला. ऑगस्ट मात्र देशभर 1901पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. दादाच्या शेताने तो कसाबसा काढला, खोलगट कुणग्यांनी. अळंबी आली. रोयणीच्या त्याच जागी, त्या वाळव्यांनीच आत पोसलेल्या बुरशीची. घरच्यांपुरती काढली.

चवथीच्या आदल्या दिवशी दादा माटोळीचं सामान आणायला रानात गेला, मी त्याच्याबरोबर. गणपतीच्या वर बांधायची ही माटोळी म्हणजे आमच्या रानाची हजेरी असते. कुंभ्याची फळं, माट्टीची फळं, कांगणीचे घोस, कळलावीची फुलं (आम्ही तिला वाघचबका म्हणतो), नारळ, सुपारी, तोरिंजन. आजोबांच्या वेळेपासून आम्ही हे सगळं त्याच उतरणीवरून आणतो.

माट्टी मिळाली. कुंभा खालच्या अंगाला मिळाला. कळलावी तर रानमोडीच्या झुडपांतून वाट काढत, त्यांच्याच फांद्यांना पानांची टोकं गुंडाळून वर चढलेली, ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं. तिचा कंद जमिनीत खोल होता. आग वरून गेली. कांगणीची जुनी वेल घळीच्या तोंडाशी एका मोठ्या झाडावर होती, मांडीएवढी जाड. झाड उभं होतं. वेल दोरीसारखी लोंबत होती, हात लावला तर तुटून आली. आम्ही तासभर आणखी शोधलं. घळीत आडव्या टाकलेल्या ओंडक्यांच्या मागे मात्र माती साठली होती, वीतभर नाही, चार बोटं, आणि त्या मातीत कसली तरी दोन-दोन पानांची रोपं होती. दादा खाली बसला. पानं उलटून पाहिली, चुरडून वास घेतला. ओळखू आली नाहीत, फार लहान होती.

कांगणी साखळीच्या बाजारातून विकत आणली. आत्याने ती माटोळीला बांधायला घेतली तेव्हा विचारलं, "ही आपल्याकडची नव्हे ना?"

"नव्हे," दादा म्हणाला.

तिने ती बांधली, कळलावीच्या शेजारी.